सुपरहिरोचे नाव असे नसते?

प्रश्न : आम्ही मूळचे सांगलीचे, गेली अकरा वर्षे न्यू जर्सीत आहोत. मुलगा नऊ वर्षांचा असून त्याला सुपरहिरोंच्या कॉमिक्सचे वेड आहे. गेल्या हॅलोविनला तो स्पायडरमॅन झाला होता, तेव्हा वर्गातला एक मुलगा त्याला म्हणाला, की स्पायडरमॅन ब्राउन नसतो. त्यानंतर त्याने वहीत स्वतःचा एक सुपरहिरो काढला. त्याचे केस पिवळे, डोळे निळे, नाव मॅक्स. ‘तुझंच नाव दे की त्याला,’ असे मी म्हटले, तर म्हणाला, ‘आई, सुपरहिरोचं नाव असं नसतं.’ घरात तो एकटाच सावळा, आम्ही बाकीचे सगळे गोरे, त्यामुळेही कदाचित मनाला लावून घेत असेल. यजमानांचे म्हणणे असे, की हल्ली या कंपन्या विक्रीसाठी हिरोंना काळा-तपकिरी रंग फासतात, आपण त्यात पडू नये. ब्लॅक पँथर वगैरे त्यांचे, आपला काय संबंध. आम्ही लहानपणी वेताळ (म्हणजे फँटम) वाचला, आम्हाला कुठे काय झाले? मला वाटते, ही कॉमिक्स बंदच करावीत आणि आपल्या पौराणिक चित्रकथा आणून द्याव्यात. काय करावे?

ता. क. तुमचे उत्तर यजमानांना दाखवावे का?

उत्तर : कॉमिक्स बंद करू नका. केलीत, तर वर्गातला तो मुलगा खरे बोलला आणि म्हणून आईने पुस्तके उचलून ठेवली, असाच अर्थ तुमचा मुलगा काढेल.

बाकीच्या प्रश्नांकडे वळण्याआधी त्याच्या त्या वाक्यापाशी थांबते, कारण त्याचे निरीक्षण चुकलेले नाही. क्लार्क, ब्रूस, पीटर, स्टीव्ह, टोनी अशीच नावे त्याने वाचली आहेत, आणि लहान मूल जे वारंवार पाहते त्याचा नियम करून टाकते. मात्र हा नियम ज्यांच्या हातून घडला ती माणसे कोण होती, हे त्याला कोणी सांगितलेले नाही. १९३८ साली वाचकांपुढे आलेला सुपरमॅन क्लीव्हलँडमध्ये वाढलेल्या जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी रचला, आणि हे दोघेही युरोपातून आलेल्या ज्यू स्थलांतरितांच्या घरातले होते. जो सायमनच्या जोडीने कॅप्टन अमेरिका उभा करणाऱ्या जॅक कर्बीचे घरचे नाव जेकब कर्ट्झबर्ग. स्पायडरमॅनच्या जनकांपैकी एक असलेला स्टॅन ली म्हणजे मूळचा स्टॅनली लीबर, आणि बॅटमॅनवर वर्षानुवर्षे ज्याचे नाव छापले जात होते तो बॉब केन जन्मला तेव्हा रॉबर्ट कान होता. ज्यू आडनाव पाहून चांगल्या नोकरीचे दार बंद होण्याच्या त्या काळात या मंडळींपैकी अनेकांनी स्वतःची नावे अमेरिकन करून घेतली आणि आपल्या नायकांनाही तशीच नावे दिली. सुपरमॅनची गोष्टच बघा ना. दुसऱ्या जगातून आलेला कॅल-एल नावाचा पोर, ज्याला इथे क्लार्क केंट होऊन, चष्मा लावून, चारचौघांसारखे दिसण्याचा आटापिटा करावा लागतो! आपल्या नायकाला ‘मॅक्स’ म्हणताना तुमच्या चिरंजीवांनी नकळत तेच केले आहे. त्याला हे सांगा. नऊ वर्षांच्या मुलाला एवढे नक्की कळते, आणि जेकबचा जॅक कसा झाला ही गोष्ट त्याला कोणत्याही उपदेशापेक्षा जास्त आवडेल.

आता वर्गातल्या त्या मुलाचे म्हणणे. स्पायडरमॅनचा पोशाख डोक्यापासून पायापर्यंत सगळे अंग झाकतो, त्यामुळे आत कोणत्याही रंगाचा मुलगा असू शकतो, असे खुद्द स्टॅन ली सांगत असे. शिवाय ऑगस्ट २०११ पासून, म्हणजे तुमच्या मुलाच्या जन्माच्या आधीपासूनच, छापील कॉमिक्समध्ये माइल्स मोरालेस हा ब्रुकलिनचा स्पायडरमॅन आहे. त्याचे वडील कृष्णवर्णीय आणि आई पोर्तो रिकोची. तेव्हा ‘स्पायडरमॅन ब्राउन नसतो’ हे विधान निव्वळ माहितीच्या पातळीवरसुद्धा टिकत नाही, आणि मुलाने पुढच्या वेळी रडण्याऐवजी एवढे उत्तर दिले तरी पुरे आहे. शिरस्त्राणाआडचा चेहरा कोणाचा असावा यावरून मोठ्या माणसांचीही भांडणे झालेली आहेत. विज्ञानकथांच्या एका चित्रकथेत परग्रहावरचा भेदभाव तपासायला गेलेला पृथ्वीवरचा निरीक्षक शेवटच्या चौकटीत शिरस्त्राण काढतो आणि तो कृष्णवर्णीय असल्याचे वाचकाला पहिल्यांदा कळते. १९५० च्या दशकाच्या मध्यात ही कथा पुन्हा छापायची ठरली, तेव्हा कॉमिक्ससाठी १९५४ पासून लागू झालेल्या आचारसंहितेच्या कार्यालयाने हा माणूस कृष्णवर्णीय चालणार नाही, असे कळवले. त्याच्या त्वचेवर घामाचे थेंब चमकताना दाखवले होते, त्यावरही हरकत घेतली गेली. प्रकाशक विल्यम गेन्स यांनी एक थेंबही न बदलता कथा छापली.

यजमानांच्या तक्रारीत तथ्य आहे, आणि ते मी नाकारणार नाही. विक्रीसाठी रंग फासण्याचा उद्योग या धंद्यात खरोखर झालेला आहे, फक्त तो हल्लीचा नाही. १९७० च्या दशकात कृष्णवर्णीय नायकांचे चित्रपट गर्दी खेचू लागल्यावर एका मोठ्या प्रकाशनाने ‘ब्लॅक बॉम्बर’ नावाचा नायक जवळजवळ छापायला घेतला होता. कल्पना अशी, की कृष्णवर्णीयांचा द्वेष करणारा एक गोरा माणूस संकटसमयी कृष्णवर्णीय महाबली होतो, आणि भानावर आल्यावर त्याला त्यातले काहीच आठवत नाही. लेखक टोनी इझाबेला यांनी हे छापू नका म्हणून गळ घातली आणि त्याऐवजी १९७७ मध्ये ‘ब्लॅक लाइटनिंग’ आला, जो एक शाळामास्तर आहे. ब्लॅक बॉम्बरची फजिती रंगामुळे झालेली नाही. ज्यांच्याविषयी लिहायचे त्यांच्या घरात लिहिणाऱ्याने कधी पाऊल टाकलेले नव्हते. त्याही आधी, १९४१ मध्ये, कॅप्टन अमेरिका छापणाऱ्याच संस्थेच्या एका मालिकेत ‘व्हाइटवॉश जोन्स’ नावाचा काळा पोरगा होता. फुगवलेले ओठ, बावळट बोली आणि नावातच चुना. हिटलरच्या तोंडावर ठोसा मारणारा नायक, तोही अमेरिका युद्धात उतरण्याच्या आधी मुखपृष्ठावर छापण्याचे धैर्य ज्यांच्याकडे होते, त्यांच्याच दुकानात हेही विकले जात होते. स्वतः अन्याय सोसलेल्या माणसाला दुसऱ्याचा अन्याय दिसतोच असे नाही, आणि हे आपल्यालाही लागू आहे. त्याकडे मी पुढे येते.

म्हणून मुलासाठी पुस्तक निवडताना मुखपृष्ठावरच्या चेहऱ्याचा रंग पाहण्यापेक्षा दोन गोष्टी पाहा, असे मी सुचवेन. त्या नायकाला घर आहे का, आणि ते घर ज्याने रेखाटले त्याला ते आतून ठाऊक आहे का. ओरिन इव्हान्स या कृष्णवर्णीय पत्रकाराने १९४७ मध्ये फिलाडेल्फियात कृष्णवर्णीय लेखक-चित्रकारांना घेऊन एक अंक काढला, किंमत पंधरा सेंट; दुसऱ्या अंकाला कोणी कागदच विकला नाही, त्यामुळे तो निघाला नाही. त्यानंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने, १९९३ मध्ये, ड्वेन मॅकडफी, डेनिस कॉवन आणि त्यांच्या मित्रांनी ‘माइलस्टोन’ सुरू केले. अंक छापायचे आणि वाटायचे काम मोठ्या कंपनीकडे, पण पात्रांची मालकी आणि संपादन स्वतःकडे, असा त्यांनी करार केला होता. मॅकडफी यांचे म्हणणे मला फार पटते : पुस्तकात एकच कृष्णवर्णीय पात्र असले, तर ते बिचारे स्वतःसारखे वागूच शकत नाही, त्याला सबंध समाजाचा वकील व्हावे लागते, म्हणून एका वेळी पुष्कळ पात्रे हवीत, म्हणजे त्यांच्यातल्या एखाद्याला भित्रे, एखाद्याला तऱ्हेवाईक, एखाद्याला चक्क दुष्ट असण्याची मोकळीक मिळते. त्यांचा ‘स्टॅटिक’, म्हणजे व्हर्जिल हॉकिन्स, हा अंगातून वीज सोडणारा, स्वतः कॉमिक्सवेडा शाळकरी मुलगा आहे. त्याच्यावरची सन २००० पासून आलेली कार्टून मालिका तुम्ही मुलाबरोबर बसून निःशंकपणे पाहू शकता. माइलस्टोनचे ते मूळ छापील अंक मात्र १९९७ मध्ये बंद पडले.

तुमच्या मुलाच्या हातात मी आधी देईन ते वेगळेच पुस्तक. कमाला खान ही तुमच्या शेजारची, जर्सी सिटीची, पाकिस्तानी कुटुंबातली सोळा वर्षांची मुलगी. २०१४ मध्ये ‘मिस मार्व्हल’ म्हणून तिची स्वतंत्र मालिका निघाली आणि पहिल्या खंडाला विज्ञानकथांसाठी दिला जाणारा ह्यूगो पुरस्कार २०१५ मध्ये मिळाला. संपादक सना अमानत स्वतः न्यू जर्सीतल्या पाकिस्तानी घरात वाढलेल्या, लेखिका जी. विलो विल्सन, चित्रे एड्रियन अल्फोना यांची. आरंभीच कमाला दुकानात बेकन घातलेल्या सँडविचचा नुसता वास घेत उभी आहे. खायचे तर नाहीच, पण वास घ्यायला कोणाची बंदी? अंडे घराबाहेर खायचे अशा घरात वाढलेल्या माझ्यासारखीला हे चित्र पाहून हसू आवरले नाही. पुढे तिला शक्ती मिळते, आणि तेव्हा जे घडते त्यासाठीच मी हे पुस्तक सुचवते आहे. रूप बदलण्याची मुभा मिळताच ती पहिल्यांदा होते ती उंच, गोरी, सोनेरी केसांची, तिच्या आवडत्या नायिकेसारखी. म्हणजे तुमच्या मुलाचा मॅक्सच! मग ते केस सारखे तोंडावर येतात, बूट चावतात, पोशाख नको तिथे काचतो, आणि हळूहळू तिला कळते की दुसऱ्याचे रूप पांघरून राहणे फार दमवणारे आहे. अखेरीस ती आपल्या कपाटातला अंगभर पोहण्याचा पोशाख काढून त्याचाच सुपरहिरोचा वेश करते. तिच्या नावामागे अरबीतला ‘कमाल’ हा शब्द आहे, परिपूर्णता या अर्थाचा. आपण मराठीत ‘कमाल केलीस’ म्हणतो तो हाच. पुस्तक थोड्या मोठ्या मुलांसाठी असल्यामुळे आधी स्वतः वाचा आणि मग दोघे मिळून वाचा. मॅक्सचे चित्र मात्र खोडायला लावू नका. कमालालाही कोणी ‘तू अशी हो’ असे सांगितले नव्हते, तिला बूट चावावे लागले.

नुसती नावे आपली झाली म्हणजे झाले, अशी समजूत होऊ नये म्हणून एक घरचेच उदाहरण देते. २००४ मध्ये शरद देवराजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्पायडरमॅन इंडिया’ काढले, चित्रकार जीवन कांग. पीटर पार्करचा पवित्र प्रभाकर झाला, मेरी जेनची मीरा जैन, अंकल बेनचे भीमकाका, आंट मे यांच्या मायाकाकू. खेड्यातून मुंबईत शिकायला आलेला हा मुलगा एका योग्याकडून शक्ती मिळवतो आणि धोतर नेसून इमारतींवरून उड्या मारतो. पेन्सिल भारतीय हातांत होती आणि चित्रे देखणी होती, तरीही मला ते कार्बन कागद ठेवून काढल्यासारखे वाटले, कारण मुंबईतल्या कोणत्याही चाळीत, कोणत्याही कॉलेजात असा मुलगा मला कधी भेटला नाही. २०२३ च्या ‘स्पायडरमॅन : अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ या चित्रपटातला पवित्र मात्र झकास आहे. ‘मुंबाटन’ नावाच्या त्या गजबजलेल्या शहरात तो भारी केसांची ऐट मिरवत फिरतो आणि ‘चाय टी’ म्हणणाऱ्याला ‘चहा-चहा काय म्हणतोस’ या चालीवर फटकारतो. तो चित्रपट मराठीतही आला होता. तुमच्या मुलाला मराठीतून दाखवलात, तर सुपरहिरो कोणत्या भाषेत बोलतात याचाही एक नियम मोडेल.

आता वेताळ. यजमानांच्या आठवणीला धक्का लावायचा माझा हेतू नाही, कारण ती माझीही आठवण आहे. मार्च १९६४ पासून मुंबईहून निघणाऱ्या इंद्रजाल कॉमिक्सचे मराठी अंक आम्ही भावंडे आळीपाळीने वाचत असू, आणि अंक कोणी आधी वाचायचा यावरून घरात युद्धे होत. ‘आम्हाला कुठे काय झाले’ असे म्हणताना मात्र जरा थांबावे. आफ्रिकेसारख्या दिसणाऱ्या जंगलात एक गोरे घराणे चारशे वर्षे पिढ्यान्पिढ्या गादी चालवते, कवटीच्या सिंहासनावर बसून न्याय देते, आणि भोवती भाले घेऊन उभे असलेल्या काळ्या माणसांत गुरानसारखा एखादाच नावानिशी ओळखला जातो, हे आम्ही शेकडो वेळा पाहिले आणि त्यात काही विचित्र आहे असे आम्हाला एकदाही वाटले नाही. मँड्रेकचा लोथार तर चक्क राजपुत्र, तोही राज्य सोडून जादूगाराच्या मागे फिरणारा. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशातल्या आम्हा पोरांना त्या चित्रात आपली जागा सिंहासनावर वाटत होती, भाल्यांच्या रांगेत नव्हे. झाले असेल तर ते हेच. १९७६ मध्ये आबिद सुरती यांचा ‘बहादूर’ आला तेव्हा नायक आपल्यासारखा दिसू शकतो हे पहिल्यांदा कळले.

‘ब्लॅक पँथर त्यांचा’ हे वाक्य तर मराठी घरात उच्चारले जाऊ नये असे मला प्रामाणिकपणे वाटते. ली आणि कर्बी यांचा हा नायक जुलै १९६६ च्या अंकात अवतरला, वाकांडा नावाच्या, कोणाचीही वसाहत न झालेल्या श्रीमंत, यंत्रनिपुण आफ्रिकी देशाचा राजा म्हणून. त्याच वर्षी ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारा ब्लॅक पँथर पक्ष स्थापन झाला. त्याचे चिन्ह कॉमिकमधून आलेले नव्हते, ते अलाबामातल्या कृष्णवर्णीय मतदारांच्या संघटनेकडून आले होते; नावे जुळली हा योगायोग. पण पक्षाचा दबदबा इतका वाढला, की १९७२ मध्ये कॉमिकवाल्यांनी बिचकून आपल्या राजाला काही काळ ‘ब्लॅक लेपर्ड’ म्हणवून पाहिले. आणि त्याच १९७२ मध्ये, जे नाव घ्यायला तिकडचे प्रकाशक कचरत होते ते, मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आणि त्यांच्या साथीदारांनी ओकलंडकडे पाहून उघडपणे घेतले आणि दलित पँथर उभी राहिली. आपला काय संबंध, असे विचारणाऱ्याला याहून जवळचा संबंध काय दाखवावा? मुलगा थोडा मोठा झाला की हे त्याला वडिलांनीच सांगावे.

पौराणिक चित्रकथा जरूर आणा, पण या कॉमिक्सवरचा उतारा म्हणून आणू नका. अनंत पै यांनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या अमर चित्र कथेने आमच्या पिढीला रामायण-महाभारत चित्रांतून दिले हे खरेच आहे; त्या जुन्या अंकांत राक्षस बहुधा काळेकभिन्न आणि राजकन्या गोऱ्यापान, हेही तितकेच खरे आहे. मॅक्सचे पिवळे केस पाहून तुम्ही अस्वस्थ झालात, तसाच हाही रंग पाहा.

यावरून तुमच्या पत्रातल्या त्या ओझरत्या वाक्याकडे येते, आणि थोडे स्पष्ट लिहिते, राग मानू नका. ‘घरात तो एकटाच सावळा, आम्ही बाकीचे सगळे गोरे’ हे तुम्ही मला कारण म्हणून सांगितलेत, आणि ते कारण आहेच, फक्त तुम्हाला वाटते तसे नाही. हे वाक्य पत्रात सहज आले, म्हणजे ते घरातही सहज येत असणार. सुट्टीत सांगलीला गेल्यावर ‘उन्हात खेळून किती काळवंडलाय बघ’ असे आजी कौतुकानेच म्हणत असतील, आणि गावातल्या लग्नाच्या गप्पांत ‘मुलगी गोरी आहे ना’ हेही त्याच्या कानावर पडत असेल. वर्गातल्या मुलाने एकदा जे म्हटले ते त्याने इतक्या पटकन का मानले, याचा शोध कॉमिक्समध्ये घेऊन सगळा सापडणार नाही. हे बोलणे बंद करणे तुमच्या हातात आहे आणि त्याला पैसेही पडत नाहीत.

खडूंचे मात्र पैसे पडतील. अमेरिकेतल्या सर्वांत प्रसिद्ध खडूंच्या पेटीत एका फिकट गुलाबीसर रंगाचे नाव कित्येक वर्षे ‘मांसवर्ण’ अशा अर्थाचे होते, जणू सगळ्या माणसांचे अंग त्याच रंगाचे. १९६२ मध्ये ते बदलून ‘पीच’ केले गेले. २०२० मध्ये त्याच क्रेयोला कंपनीने त्वचेच्या चोवीस छटांची वेगळी पेटी काढली. ती आणा आणि काही न बोलता टेबलावर ठेवा. तुम्ही आणि यजमान दोघेही आपापल्या मनगटाशी खडू धरून जुळणारी छटा शोधा, चुका, भांडा. बहुतेक ‘गोऱ्या’ मराठी माणसांचा खडू त्यांना वाटतो त्याहून दोन-तीन घरे पुढचा निघतो.

ता. क. विषयी : यजमानांना उत्तर जरूर दाखवा. मात्र वेताळाचा परिच्छेद त्यांना एकट्याला वाचू द्या, आणि सांगलीच्या माळ्यावर त्यांचे जुने अंक अजून असतील, तर पुढच्या खेपेला त्यातले दोन-तीन घेऊन यायला सांगा.